शरयूताईंची मंगळवारची तालीम

श्रीमती शरयू खांबेटे यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी माझ्याकडे लेख मागितला गेला, तेव्हा मी संपादकांना म्हटलं, की डोंबिवलीच्या शाळेत ताईंच्या हाताखाली शिकलेली, त्यांनी बसवलेल्या एकांकिकांतून कामं केलेली कितीतरी माणसं आहेत. मी त्यांतला नाही. माझी त्यांची ओळख सहा वर्षांची, आणि ती आजारामुळे झालेली. संपादक म्हणाले, "मग तेच लिहा." म्हणून लिहितो आहे. माझं अक्षर आता मुंगीएवढं येतं आणि ओळीच्या शेवटाकडे आणखी बारीक होत जातं. सकाळची गोळी लागू पडली की अर्धा-पाऊण तास हात बरा चालतो, तेवढ्यात जे होईल ते, असे तीन आठवडे हा लेख लिहीत होतो. मांडणीत काही मागेपुढे झालं असेल तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

मी मोहने गावातल्या कारखान्यात एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. तेव्हा आम्ही कल्याणला राहत असू. निवृत्तीनंतर पत्नी मालती आणि मी ठाण्याला, नौपाड्यात, दोन खोल्यांच्या जागेत आलो. मुलगी सीमा लग्न होऊन कल्याणातच राहिली. ठाण्याला आल्यावर तिसऱ्या वर्षी मालती अचानक गेली. त्यानंतर दीड वर्षानं माझा उजवा हात कापायला लागला, पाय अडखळायला लागले आणि डॉक्टरांनी पार्किन्सन्सचं निदान केलं. ज्या हातानं आयुष्यभर रेघा ओढल्या, त्याला आता चहाचा कप धरवेना. माझं बोलणं कुणाला ऐकू जात नसे. दुकानदार दोनदा "काय?" म्हणायचा आणि तिसऱ्यांदा मागच्या गिऱ्हाइकाकडे वळायचा. मी मग सामानाची चिठ्ठी नेऊ लागलो, ती चिठ्ठीही त्याला वाचता येईना. हळूहळू मी बाहेर जाणंच कमी केलं. कधीकधी तीन-तीन दिवस माझ्या तोंडून एक शब्द निघत नसे, आणि चौथ्या दिवशी दूधवाल्याशी बोलायला जावं तर घशातून नुसती हवा यायची.

माझ्या डॉक्टरांनी एकदा औषधांच्या कागदाच्या मागे पत्ता लिहून दिला. "मंगळवारी सकाळी अकराला जा. नाटकाचा वर्ग आहे, आपल्याच पेशंटांसाठी." मला वाटलं, ते थट्टा करताहेत. नाटकात काम करायचं तर सोडाच, मी नाटकं पाहिलेलीसुद्धा मोजकीच. पण डॉक्टर म्हणाले म्हणून गेलो. नौपाड्यातच, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर नृत्याच्या वर्गाचा हॉल होता. उंबऱ्याशी पोचलो आणि माझे पाय जमिनीला चिकटले. ज्यांना हा आजार आहे त्यांना हे सांगायला नको. मन म्हणतं चल आणि पाय ऐकत नाहीत. आत दहा-बारा माणसं खुर्च्यांवर बसलेली, सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. माझ्यामागे आणखी दोघं आत येण्यासाठी खोळंबलेली. त्यांतले एक गृहस्थ मला दंडाला धरून ओढू लागले.

"त्यांना सोडा," आतून आवाज आला. खणखणीत, पण ओरडल्यासारखा नाही. बारीक चणीच्या, सुती साडीतल्या, पांढऱ्या केसांच्या एक बाई समोर आल्या. त्यांनी मला नाव विचारलं नाही, की "घाबरू नका" म्हटलं नाही. स्वतःची एक चप्पल काढून त्यांनी माझ्या पावलांपुढे आडवी ठेवली.

"ही ओलांडून या," त्या म्हणाल्या. "घाई नाही. एन्ट्री नटानं आपल्या वेळेनं घ्यायची असते."

मी चप्पल ओलांडली आणि आत गेलो. पायापुढे काही आडवं आलं की पाय सुटतात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. त्या शरयूताई. चप्पल पायात सरकवून त्या लगेच दुसऱ्या कुणाकडे वळल्यासुद्धा.

त्या वर्गात काय चालतं, याबद्दल बाहेर बऱ्याच कल्पना आहेत, म्हणून थोडं लिहितो. ताई पहिल्याच दिवशी प्रत्येकाला सांगतात, "हा आजार इथे बरा होत नाही. गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला घ्यायच्या, व्यायाम चुकवायचा नाही. इथे आपण नाटकाची तालीम करतो, एवढंच." मग तालीम सुरू होते. आधी चालणं. कधी डोक्यावर भरलेली घागर आहे असं चालायचं, कधी राजासारखं, कधी वरातीत मिरवल्यासारखं. ताई हातातल्या लाकडी पट्टीनं टेबलावर ठेका धरतात आणि घरी न्हाणीघरापर्यंत जायला दहा मिनिटं लागणारा माणूस त्या ठेक्यावर हॉलच्या दोन फेऱ्या मारतो. मग आवाज. ताई हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहतात आणि म्हणतात, "मी शेवटच्या रांगेत बसले आहे. माझ्यापर्यंत आलं पाहिजे." आम्हाला वाटतं आपण किंचाळतो आहोत, प्रत्यक्षात तो इतर माणसांचा साधा बोलण्याचा आवाज असतो. एका नवरात्रात आमचा हॉल मिळाला नाही, म्हणून टेंभी नाक्याजवळच्या एका शाळेत वर्ग भरला. बाहेर लाऊडस्पीकर चालू. मी म्हटलं, आज काही जमायचं नाही. ताई म्हणाल्या, "उलट आजच जमेल. आज खरी रंगीत तालीम." त्या दिवशी आम्ही म्हाताऱ्यांनी इतका आरडाओरडा केला की शाळेचा शिपाई भांडण झालं समजून वर आला.

ताईंचा एक नियम होता आणि तो त्या फार कडकपणे पाळत. दुसऱ्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. समोरच्याला शब्द सापडत नसेल, आवाज अडकला असेल, तर थांबायचं. मिनिट लागो, दोन मिनिटं लागोत. एकदा एका बाईंच्या यजमानांनी सवयीनं बायकोचं वाक्य पुरं केलं. ताई त्यांना अदबीनं म्हणाल्या, "तुमचा प्रवेश अजून आलेला नाही. तुम्ही जरा विंगेत थांबा." ते बिचारे खरोखरच दाराबाहेर जाऊन उभे राहिले. पुढे तेच यजमान आमच्या नाटकांचे पडदे सांभाळू लागले.

आमच्यात बाळाराम पाटील होते. डोंबिवलीपलीकडच्या एका गावचे, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. वडिलांबरोबर लहानपणी मिठागरात काम केलेलं, पुढे जमिनीला भाव आला, तिथे इमारती उभ्या राहिल्या, तीन मुलांची तीन मजली घरं झाली. पाटलांना त्यांचा ड्रायव्हर आणून सोडायचा. पहिल्या दिवशी ते ताईंना म्हणाले होते, "बाई, मना नाटकातला काय कलत नाय. पोरांनी पाठवला म्हनून आलो." ताई म्हणाल्या, "मलाही मिठागरातलं काही कळत नाही. तुम्ही ते सांगा, मी हे सांगते." आणि पुढचे चार मंगळवार ताईंनी पाटलांना मिठागराच्या कामाचा अभिनय करायला लावला. फळीनं मीठ ओढणं, टोपल्या भरणं, डोक्यावर टोपली घेऊन बांधावरून तोल सांभाळत चालणं. पाटलांचा वाकलेला कणा त्या बांधावर ताठ व्हायचा. ते आम्हा सगळ्यांना ओरडून शिकवू लागले. माझा पाय तिरका पडला की म्हणायचे, "असा नाय हो फणसळकर, पाय आरवा टाकलाव तं मीठ सांडल." मी आणि पाटील त्या वर्गातले जवळचे दोस्त झालो. माझ्या वयाला नवा दोस्त मिळतो, हे मला नवीन होतं.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला, ते सांगतो.

मालती गेली तेव्हा मला या आजाराची काही कल्पना नव्हती. घर माणसांनी भरलं होतं. सीमा आईच्या उशाशी बसून रडत होती आणि मी खुर्चीत बसलो होतो. आत जे चाललं होतं ते माझं मला ठाऊक. पण माझा चेहरा हलला नाही. डोळ्यांत पाणी आलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याशी मी दोन शब्द बोललो ते वाण्याची यादी वाचावी तसे. दिवसकार्य उरकल्यावर सीमा माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदाही रडला नाहीत. आईसाठीसुद्धा नाही."

मी तिच्याकडे पाहत राहिलो. मला वाटत होतं माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं आहे. तिला तिथे काहीच दिसलं नाही. मी फक्त "हं" म्हणालो.

त्यानंतर तिचं येणं कमी होत गेलं. आधी आठवड्याला, मग महिन्याला, मग सणाला. फोनवर "बरे आहात ना?" "हो." "गोळ्या घेता ना?" "हो." कल्याण ते ठाणे अंतर ते किती. दीड वर्षानं निदान झालं तेव्हा डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, "चेहऱ्याचे स्नायू असे ताठर होणं हे या आजारात फार आधी सुरू होतं. तुमच्या घरच्यांना वाटलं असेल, हे रागावलेत की काय." मी दवाखान्यातून चालत घरी आलो आणि दिवा न लावता बसून राहिलो. सीमाला हे सांगावं असं मनात आलं. पण वाटलं, तिला ही पळवाट वाटेल. आणि खरं सांगायचं तर माझीच मला खात्री नव्हती. मी आधीपासून अबोल माणूस. त्या दिवशी माझा चेहरा आजारानं हलला नाही की माझ्यातच काही कमी होतं? हा प्रश्न घेऊन मी त्या घरात साडेतीन वर्षं एकटा राहिलो.

वर्गात आरशाचा एक व्यायाम असे. नृत्याच्या हॉलला भिंतभर आरसे होतेच. ताई एकेक भाव सांगत आणि आम्ही आरशात बघून तो चेहऱ्यावर आणायचा. आश्चर्य. राग. आंबट चिंच खाल्ली. एका मंगळवारी त्या म्हणाल्या, "आपलं माणूस गेलं आहे." मी आरशात पाहिलं. सीमानं त्या दिवशी जो चेहरा पाहिला असेल, तोच मला समोर दिसला. मी वळलो आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसलो. ताईंनी पाहिलं, पण त्या वेळी काही विचारलं नाही.

वर्ग सुटल्यावर सगळे गेले. ताई खुर्च्या एकावर एक रचत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. माझ्या आवाजात ते सांगायला किती वेळ लागला असेल याची कल्पना करा. त्या हातातली खुर्ची तशीच धरून उभ्या राहिल्या. शेवटी मी विचारलं, "ताई, तो आजार होता की मी?"

मला वाटलं होतं त्या म्हणतील, अर्थातच आजार. त्या म्हणाल्या, "ते मला कसं माहीत असणार, फणसळकर? तुमचं तुम्हाला माहीत. पण तुम्ही ते मुलीला विचारलेलं नाही, आरशाला विचारता आहात."

मग त्यांनी खुर्ची खाली ठेवली आणि तिच्यावर बसल्या. एवढ्या वर्षांत तालमीच्या जागी त्यांना मी पहिल्यांदा बसलेलं पाहिलं. त्यांनी आपल्या यजमानांबद्दल सांगितलं. माधवराव एका कचेरीत नोकरीला होते. त्यांना हाच आजार झाला. तेव्हा ताईंची शाळा, स्पर्धेच्या तालमी, सगळं जोरात होतं. संध्याकाळी घरी आल्या की घाईघाईनं स्वयंपाक, आणि त्यात माधवराव काहीतरी बोलायचे. "मी म्हणायची, अहो, मोठ्यानं बोला ना. मग म्हणायची, बरं, राहू दे, नंतर सांगा. मग मीच त्यांचं वाक्य पुरं करायला लागले. बहुतेक वेळा चुकीचं. ते मान डोलवायचे. शेवटची दोन वर्षं ते बोललेच नाहीत. डॉक्टरांना मी सांगितलं, आवाज गेला आहे. आणि एक दिवस शेजारचा चार वर्षांचा मुलगा आमच्याकडे खेळत होता. मी आत होते. बाहेर माधवराव त्याला गोष्ट सांगत होते. हळू, अडखळत, पण सांगत होते. तो पोरगा मांडी घालून ऐकत बसला होता. त्याला कुठे जायचं नव्हतं."

 त्या पुढे म्हणाल्या, "मी दाराआडून ऐकलं आणि बाहेर गेले नाही. मी गेले असते तर ते थांबले असते." त्या उठल्या आणि उरलेल्या खुर्च्या रचू लागल्या. माधवराव गेल्यावर वर्षभरात त्यांनी हा वर्ग सुरू केला, हे मला दुसऱ्या कुणाकडून तरी नंतर कळलं. हे सारं इथे लिहू का, असं मी ताईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "लिहा. गौरवग्रंथात एक तरी खरी गोष्ट असावी."

पुढच्या मंगळवारी वर्ग सुरू होताच ताई म्हणाल्या, "आज एका फोनची तालीम करायची आहे. फणसळकर मुलीला फोन करताहेत. मुलीचं काम कोण करणार?" पाटलांनी हात वर केला. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या गेल्या. मी एकीवर, पाटील दुसरीवर.

"हॅलो, सीमा," मी म्हणालो.

"ऐकू आलं नाही," ताई हॉलच्या टोकावरून म्हणाल्या.

"हॅलो, सीमा. मी बाबा बोलतोय."

"बोला बाबा, लवकर बोला," पाटील म्हणाले. "मना टाईम नाय. पोरीची परीक्षा हाय."

सगळे हसले, मीही हसलो असेन. पण पाटील हसले नाहीत. त्यांनी सीमाचं काम मन लावून केलं. मी कुठे गुळमुळीत बोललो की ते म्हणायचे, "म्हंजे काय बाबा? नीट सांगा." मी आजाराचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंग तवाच का नाय सांगितलाव?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ताई म्हणाल्या, "उत्तर नसेल तर नाही म्हणा. पण मोठ्यानं म्हणा." तीन मंगळवार आम्ही ती तालीम केली. मी एकदा ताईंना म्हटलं, तुम्हीच सीमाशी बोला ना, तुमचं ती ऐकेल. त्या म्हणाल्या, "मी दिग्दर्शक आहे. नटाच्या वतीनं दिग्दर्शक स्टेजवर जात नाही."

चौथ्या आठवड्यात एका सकाळी, गोळीनंतर तासाभरानं, मी उभा राहून सीमाला फोन लावला. उभं राहिलं की आवाज पोटातून येतो, हे ताईंचं शिक्षण.

"सीमा, मी बाबा बोलतोय."

"बाबा? मी आवाज ओळखलाच नाही. काय झालं? बरे आहात ना?"

"बरा आहे. मला तुला एक सांगायचं आहे. वेळ लागेल. तू मध्ये बोलू नकोस." आणि मी सांगितलं. आई गेली त्या दिवशी माझा चेहरा हलला नाही, तो याच आजाराचा भाग असू शकतो, असं डॉक्टर म्हणाले. पण मी अबोल होतो हेही खरं. तुझी आई होती तोवर माझं सगळं बोलणं तीच तुझ्यापर्यंत पोचवायची. ती गेली आणि माझ्यापाशी काही साधन उरलं नाही. त्या दिवशी मला फार वाटत होतं. ते तुला दिसलं नाही.

मी थांबलो.

"मला हे आधी का नाही सांगितलंत?" सीमा म्हणाली. पाटलांनी विचारला होता तोच प्रश्न.

"मला सांगता आलं नाही," मी म्हणालो.

ती रडायला लागली. मला तेव्हाही डोळ्यांत पाणी आलं नाही, पण ते मी तिला तोंडानं सांगितलं. म्हटलं, मलाही रडू येतंय, फक्त दिसत नाही.

सगळं एका फोननं सुरळीत झालं, असं मी लिहिणार नाही. मधली वर्षं गेली ती गेली. सीमा आता पंधरा दिवसांनी एकदा येते, भाजी चिरून डब्यात भरून ठेवते, संध्याकाळी निघते. ती गेल्यावर घर आधीपेक्षा जास्त रिकामं वाटतं. पण निघताना ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नाही, विचारते, "आज कसं वाटतंय, बाबा?" आणि मी सांगेपर्यंत चपला घालून दारात उभी राहते.

त्याच वर्षी आम्ही अर्ध्या तासाचं एक नाटक केलं. दवाखान्यातल्या बाकावर वाट बघत बसलेली माणसं, एवढाच त्याचा विषय, संवाद आम्हीच जुळवलेले. मी कंपाउंडर झालो होतो आणि ओरडून नंबर पुकारायचो. पाटील आत जायला तयार नसलेले रुग्ण. ठाण्यातल्या एका लहानशा सभागृहात प्रयोग होता. सुरुवातीला आयोजकांपैकी एक गृहस्थ माइकवरून आमची ओळख करून देताना म्हणाले, "ही बिचारी मंडळी..." ताई विंगेतून बाहेर आल्या आणि त्यांच्या हातातून माइक घेऊन शांतपणे म्हणाल्या, "हे माझे नट आहेत. यांनी पाच महिने तालीम केली आहे. काम वाईट झालं तर तसं सांगा." आणि माइक परत दिला.

प्रयोगात मधेच पाटलांचा आवाज अडकला. तोंड उघडलेलं, शब्द येईना. मला त्यांचं वाक्य पाठ होतं, ते माझ्या ओठांवर आलं होतं. मी विंगेकडे पाहिलं. ताईंनी मान हलवली. नाही. पुढच्या रांगेत कुणी धीर द्यायला टाळ्या वाजवू लागलं, ताईंनी हात वर करून त्या थांबवल्या. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग पाटील म्हणाले, "डाक्टर मना इचारतील कसा हायस. मी काय सांगू?" आधी ठरल्यापेक्षा कितीतरी हळू, पण शेवटच्या रांगेपर्यंत. सीमा तिथेच बसली होती.

ताईंनी लोकांसाठी जे केलं ते असं पुष्कळ सांगता येईल. त्यांच्यासाठी कुणाला काही करू देणं मात्र त्यांना जमलेलं नाही, हेही लिहायला हवं. दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी त्या आल्या त्या मनगटाला प्लास्टर घालून. आठवडाभरापूर्वी स्वयंपाकघरात पडल्या होत्या. आम्हाला कुणाला पत्ता नाही. मी विचारलं, "डोंबिवलीला तुमच्याजवळ कोण होतं?" त्या म्हणाल्या, "रिक्षावाला चांगला होता." आणि डाव्या हातानं पट्टी घेऊन ठेका धरला. त्यांच्या घरी मी एकदाच गेलो आहे. नीटनेटकं, शांत घर. बाहेरच्या खोलीत माधवरावांची आरामखुर्ची. तिच्यावर ताई बसत नाहीत, मलाही त्यांनी दुसरी खुर्ची दिली. शेजारचा तो मुलगा आता परदेशात शिकतो, असं त्यांनी बोलता बोलता सांगितलं.

गेल्या दिवाळीपासून पाटलांना वर्गाला येता येत नाही. ते अंथरुणावरच असतात. ताई दर गुरुवारी दुपारी रिक्षानं त्यांच्या गावी जातात. एका गुरुवारी मीही गेलो. मोठं घर, सुना, नातवंडं, खालच्या मजल्यावर टीव्ही मोठ्यानं चालू. पाटलांची खोली मागच्या बाजूला. घरची माणसं प्रेमळ आहेत, त्यांची सगळी सेवा वेळेवर होते. मोठ्या सुनेनं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि म्हणाली, "बाबा आता बोलत नाहीत. तुम्ही बसा, मी येते."

ताई खुर्ची पलंगाजवळ ओढून बसल्या. त्यांनी मंगळवारी काय झालं ते सांगितलं, कोण आलं, कोण नाही. मग गप्प बसून राहिल्या. पाटलांचे ओठ हलत होते. मला वाटलं, काही अर्थ नाही. खिडकीतून ऊन भिंतीवर आलं आणि भिंतीवरून सरकलं. माझी गोळीची वेळ झाली, मी पाणी घेऊन गोळी घेतली. ताई तशाच, पुढे झुकून, त्यांच्या तोंडाकडे बघत बसलेल्या. घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. असा पाऊण तास गेला असेल.

मग पाटील बोलले. आवाज इतका बारीक, की मी पलंगावर वाकलो.

"बाई... तुमाना च्या दिला का?"

"नाही अजून," ताई म्हणाल्या. "घेईन ना. मागवते."

त्यांनी सुनेला हाक मारली आणि सांगितलं, "तुमच्या सासऱ्यांनी आम्हाला चहा द्यायला सांगितला आहे." ती सून दारात उभी राहून आळीपाळीनं आमच्याकडे आणि पाटलांकडे पाहत राहिली. मग आत जाऊन तिनं चहा आणला, आम्हा दोघांसाठी, आणि एक लहान वाटी पाटलांसाठीही. स्वतः पलंगाच्या कडेवर बसून चमच्यानं त्यांना पाजू लागली. परतताना आम्ही एकाच रिक्षानं निघालो. डोंबिवलीला ताई आपल्या घराच्या कोपऱ्यावर उतरल्या आणि "मंगळवारी वेळेवर या," एवढं म्हणून चालू लागल्या. त्या वळून बघतील म्हणून मी रिक्षा थांबवून ठेवली होती. त्या वळल्या नाहीत.

शरयूताई आता पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. या समारंभालाही त्यांनी बरेच दिवस नकार दिला होता. "वर्ग मंगळवारी आहे, त्या दिवशी समारंभ ठेवायचा नाही," या अटीवर त्या तयार झाल्या. त्यांच्यापुढे मी वयानं लहान आहे आणि शिष्य म्हणून तर फारच कच्चा. तरी आज मोठ्यानं काही मागण्याचा हक्क मी घेतो. ताईंची दृष्टी, गुडघे आणि तो खणखणीत आवाज पुढची पुष्कळ वर्षं शाबूत राहोत. त्यांची शंभरी आम्हाला वर्गाच्याच हॉलमध्ये, आमच्यातले जे कोणी तेव्हा असतील त्यांना, साजरी करायला मिळो. आणि त्या कधी आजारी पडल्या, दमल्या किंवा नुसत्याच त्यांना संध्याकाळ मोठी वाटली, तर त्यांनी आम्हाला फोन करावा. आम्हाला दारापर्यंत यायला वेळ लागेल, ताई. पण आम्ही येऊ.

— वसंत फणसळकर, नौपाडा, ठाणे